कुदळ मारण्यापूर्वी

मे महिन्याच्या दुपारी नेवासे, शेवगाव किंवा राहुरीकडच्या एखाद्या काळ्या रानात जाऊन पाहा. जमिनीला भेगा पडलेल्या दिसतील. काही भेगांत हाताचा पंजा सहज जातो. काठी घातली तर ती बरीच खाली उतरते. तेच रान ऑगस्टमध्ये पाहिले, तर भेगांचा मागमूसही उरलेला नसतो. पावसाचे पाणी पिऊन जमीन फुगलेली असते आणि भेगा आपोआप बुजलेल्या असतात. शेतकऱ्याला याचे नवल वाटत नाही. ही जमीन आपली नांगरट आपणच करते, असे तो कौतुकाने सांगतो.

आता अशी कल्पना करा, की याच रानावर कोणी घर बांधले आहे. जमीन उन्हाळ्यात आकसेल, पावसाळ्यात फुगेल. दरवर्षी हा खेळ चालेल. घर बिचारे काय करील? ते जमिनीबरोबर वर-खाली होऊ शकत नाही. मग एके दिवशी खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी रेघ निघते. पहिल्या वर्षी ती केसाएवढी असते, तिसऱ्या वर्षी तिच्यात नाणे बसते. घरमालक गवंड्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला. खरा दोष मात्र घर बांधण्याच्या आधीच घडलेला असतो. जे प्रश्न विचारायला हवे होते, ते कोणी विचारलेलेच नसतात.

मित्रांनो, घर बांधण्यापूर्वी सरकारी परवानगी घ्यावी लागते, हे तुम्ही ऐकले असेल. नकाशे, दाखले, शिक्के आणि हेलपाटे, एवढेच तिचे चित्र पुष्कळांच्या मनात असते. पण ही कागदपत्रे जरा बारकाईने वाचली, तर त्यांत भूगोल, रसायनशास्त्र, त्रिकोणमिती आणि संभाव्यता एवढे विषय दडलेले आढळतात. आज आपण नगरच्या परिसरातले उदाहरण घेऊन ते उलगडू. (अहमदनगर शहर व जिल्हा यांचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे.)

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांकडे छापील नियमावली नव्हती, पण दोन शब्द होते. गावाच्या शेतजमिनीला ते 'काळी' म्हणत आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी'. काळीत पेरायचे, पांढरीत राहायचे, असा साधा विभाग होता. जमिनीच्या वापराची ही एक प्रकारची आखणीच म्हणायची.

शहर वाढू लागले, की हा विभाग मोडतो. मलिक अहमद निजामशहाने सीना नदीजवळ नगर वसवले. जुने नगर वेशींच्या आत होते. माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा आजही त्याची साक्ष देतात. १८५४ मध्ये येथे नगरपालिका आली आणि २००३ मध्ये महानगरपालिका झाली. सावेडी, केडगाव, बुरुडगाव या बाजूंना वस्ती पसरत गेली. जिथे ज्वारी डोलत होती, तिथे आता घरांच्या रांगा आहेत. थोडक्यात, माणसे पांढरीतून काळीत राहायला आली. म्हणूनच घरापूर्वीचे प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक महत्त्वाचे झाले आहेत.

पहिला प्रश्न : जागा कोणाची आणि कशासाठी?

एक कुटुंब धरून चालू. वडील निवृत्तीला आले आहेत. आयुष्यभराची शिल्लक आणि बँकेचे कर्ज मिळून त्यांना दीड गुंठ्यावर घर बांधायचे आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा यांची जागा झाली सुमारे १५२ चौरस मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जागेच्या मालकीसाठी खरेदीखत हवेच. शिवाय शेतजमीन असेल तर सातबारा आणि फेरफार, नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक. पण कागदावर १५२ चौरस मीटर लिहिलेले असले, म्हणजे जागेवर तेवढे भरेलच असे नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्यायच्या. शेजाऱ्याच्या जागेत वीतभर भिंत गेली, तर पुढची दोन पिढ्यांची भांडणे त्या वीतभर जागेतून उगवतात.

नंतर पाहायचा तो शहराचा विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यानुसार प्रत्येक शहराचा आराखडा तयार होतो. राहण्याचा भाग कोणता, कारखान्यांचा कोणता, शेतीचा कोणता, हे त्यात ठरते. आपल्या जागेतून भावी रस्ता जातो का, ती शाळेसाठी किंवा बागेसाठी आरक्षित आहे का, हे नगररचना विभागाच्या दाखल्यावरून कळते. शेताचे लहान तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंधने घातली. त्यांत आणि बिनशेतीच्या नियमांत वेळोवेळी बदल झाले आहेत. म्हणून शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये, आजचा नियम विचारावा.

नगरला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. येथे निजामशाहीतल्या जुन्या वास्तू पुष्कळ आहेत. फराहबाग, दमडी मशीद यांसारखी स्मारके केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असते, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी संमती घ्यावी लागते. दुसरी गोष्ट लष्कराची. नगर हे रणगाडा दलाच्या प्रशिक्षणाचे मोठे ठिकाण आहे. लष्करी ठाण्यांच्या लगतच्या जागेवर काही बंधने असतात. ती आपल्या जागेला लागू आहेत का, हे आधीच विचारलेले बरे.

दुसरा प्रश्न : जमीन कशी आहे?

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे बनलेले आहे. हा रस थिजून काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट झाला. ऊन-पावसाने पाषाण झिजला, की प्रथम मुरूम होतो आणि त्याहून पुढची अवस्था म्हणजे काळी माती. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याची रचना वहीच्या पानांसारखी आहे. एकेक थर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा पातळ असतो. पाणी या पानांमध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलते. त्यामुळे माती फुगते. पाणी निघून गेले, की पाने जवळ येतात आणि माती आकसते.

हे तुम्हाला प्रयोगशाळेत पाहता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखालीच हा प्रयोग करा आणि जवळपास ज्योत ठेवू नका. काळी माती वाळवून, कुटून बारीक चाळणीतून चाळा. १० ग्रॅमचे दोन भाग करा. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्या घ्या. एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल भरा. दोन्हींत मातीचा एकेक भाग टाका, काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास तसेच ठेवा. रॉकेलचे रेणू त्या पानांमध्ये शिरत नाहीत, म्हणून तिथली माती फुगत नाही. पाण्यातली फुगते. समजा, रॉकेलमध्ये मातीने १० मिलिलिटर जागा व्यापली आणि पाण्यात १६. तर फुगवटा झाला १० वर ६, म्हणजे ६० टक्के. भारतीय मानकांप्रमाणे हा आकडा ५० च्या आत असेल तर फारशी काळजी नाही. ५० च्या वर गेला तर सावध व्हावे, आणि १०० च्या वर असेल तर पायाचा वेगळा विचार करावाच लागतो.

हा प्रयोग मातीविषयी इशारा देतो. पाया ठरवण्यासाठी मात्र जागेवर खड्डा घेऊन काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो, हे पाहावे लागते. मुरूम जवळ असेल, तर काळी माती उपसून पाया थेट मुरुमावर न्यायचा, हा उत्तम उपाय. माती फार खोल असेल तर? या अडचणीवर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने एक युक्ती विकसित केली. जमिनीत भोक पाडून त्याच्या तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग कोरायचा आणि मग सळया व काँक्रीट भरायचे. ऋतूंप्रमाणे होणारी मातीची हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते. खांबाचा कांदा तिच्याखाली, स्थिर मातीत रुतलेला असतो. वरची माती फुगून घराला उचलू पाहते, तेव्हा तो त्याला धरून ठेवतो.

येथे एक गंमत आहे. जड घरापेक्षा हलक्या बांधकामाला काळ्या मातीचा त्रास अधिक होतो. मातीचा वर ढकलण्याचा जोर दाबून ठेवायला वजन लागते, ते कुंपणाच्या भिंतीपाशी कुठून असणार? म्हणून काळ्या रानातल्या वसाहतीत प्रथम कुंपणाच्या भिंती फाटलेल्या दिसतात.

तिसरा प्रश्न : पाणी कुठून येईल, कुठे जाईल?

सीना नदी वर्षातले बरेच महिने ओढ्यासारखी दिसते. त्यामुळे तिच्या काठची जागा कोणालाही मोहात पाडते. पण नदीची खरी रुंदी पुराच्या दिवशी कळते. पाटबंधारे खाते नद्यांच्या दोन पूररेषा आखते. सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराचा विचार करून निळी रेषा ठरते, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावरून लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचे नाही. निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये काही अटींवर, जोते पुरेसे उंच घेऊन बांधता येते.

"२५ वर्षांतून एकदा ना? मग आमच्या हयातीत कशाला येतो!" असे काही जण म्हणतात. आपण गणित करून पाहू. असा पूर एखाद्या वर्षी येण्याची संभाव्यता २५ पैकी १, म्हणजे ०.०४. न येण्याची ०.९६. घराचे कर्ज ३० वर्षांचे आहे असे धरा. तीसही वर्षे पूर न येण्याची संभाव्यता म्हणजे ०.९६ चा ३० वा घात. उत्तर येते सुमारे ०.२९. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पूर येण्याची शक्यता झाली ७१ टक्के! लाल रेषेचे गणितही असेच करा. तिथे ती २६ टक्के निघते. निळी रेषा कोणाची जागा अडवण्यासाठी ओढलेली नाही, हे आता पटेल.

घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचेही तसेच. सांडपाण्याची गटार नसेल, तर सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा करावा लागतो. तो पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर हवा, असा दंडक आहे. आपल्या काळ्या पाषाणात भेगा आणि सांधे पुष्कळ असतात. घाण पाणी त्यांतून न गाळता दूरवर जाऊ शकते. आता दीड गुंठ्याच्या जागेत १८ मीटर कुठून आणायचे? म्हणून नकाशात आपलीच नव्हे, तर शेजारची विहीरही दाखवायची असते.

छपरावरच्या पावसाचाही हिशेब करा. नगर पर्जन्यछायेत आहे. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी १०० चौरस मीटर गच्चीवर ५०,००० लिटर पाणी पडते. त्यातले पाचवा भाग वाया गेला, तरी ४०,००० लिटर उरते. दर माणशी रोज १३५ लिटरप्रमाणे पाच माणसांच्या कुटुंबाला ते जवळजवळ दोन महिने पुरेल. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय नियमानेच करावी लागते. लहान भूखंडावर ती करायला कोणी मनाई केलेली नाही!

चौथा प्रश्न : ऊन आणि वारा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्या हे अनारोग्याचे घर आहे, हे सर्वांच्या ध्यानात आले. १८९८ मध्ये मुंबई सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाले. या मंडळाने एक सुरेख नियम वापरला. समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहताना नजर क्षितिजाशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक वर करावी लागता कामा नये! हा विचित्र आकडा कुठून आला? त्रिकोणमितीचे कोष्टक काढा. साडेत्रेसष्ट अंशांचा टॅन्जंट जवळजवळ बरोबर २ आहे. म्हणजे मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून इमारत उंच नसावी, एवढाच त्याचा अर्थ.

घराभोवती सोडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागेमागे हाच विचार आहे. शिवाय आगीच्या वेळी बंब फिरायला वाट हवी. नगरसाठी आपणही एक गणित करू. नगरचे अक्षांश सुमारे १९.१ उत्तर. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी सूर्याची उंची ९० मधून १९.१ आणि २३.४ वजा करून येते, म्हणजे ४७.५ अंश. तुमच्या दक्षिणेला साडेसहा मीटर उंचीचे दुमजली घर असेल, तर भर दुपारी त्याची सावली ६ मीटर लांब पडेल. ऐन थंडीत तुमच्या खिडकीत ऊन येणार, की शेजाऱ्याची सावली, हे नकाशावरच कळते. जूनमध्ये मात्र दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो आणि त्याच घराची सावली जेमतेम अर्धा मीटर, तीही दक्षिणेकडे पडते.

जागेवर एकूण किती बांधायचे यालाही माप आहे. त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. सर्व मजल्यांच्या बांधकामाचे क्षेत्र भागिले भूखंडाचे क्षेत्र, असा तो सोपा भागाकार आहे. निर्देशांक १.१ असेल, तर आपल्या १५२ चौरस मीटर जागेवर सुमारे १६७ चौरस मीटर बांधता येईल. हे माप मनमानी नाही. रस्ता, नळ, गटार हे सारे किती माणसांचा भार पेलतील, याचा अंदाज त्यामागे असतो.

पाचवा प्रश्न : हादरा बसला तर?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरणार नाही. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यात किल्लारीजवळ भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित पट्ट्यात दाखवलेला होता. माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. जाडजूड दगडी भिंती मातीत रचलेल्या, आतल्या-बाहेरच्या थरांना जोडणारे लांब दगड नाहीत आणि डोक्यावर मातीचे जड माळवद! बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र तुम्ही शिकला आहात. जमीन हलते तेव्हा घरालाही त्वरण मिळते. छप्पर जितके जड, तितके त्याच्यावरचे बल मोठे. ते पेलण्याची ताकद भिंतींच्या जोडात नसेल, तर घर फुटते.

म्हणून खांब, तुळया आणि सळया यांचे गणित जाणकार अभियंत्याकडून करून घ्यायचे असते. दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराभोवती काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवला, तर तो भिंतींना कमरपट्ट्यासारखा एकत्र बांधून ठेवतो. बांधतानाच केला, तर एकूण खर्चाच्या मानाने तो महाग नसतो. नंतर करणे मात्र जवळजवळ अशक्य.

नकाशा, अर्ज आणि दाखले

या प्रश्नांची उत्तरे हाताशी आली, की मग वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता नकाशा काढतो. त्यात जागेची चतुःसीमा, उत्तर दिशा, रस्त्याची रुंदी, मोकळ्या जागा, मजल्यांचे आराखडे, उभा छेद, टाकी आणि गटार हे सारे प्रमाणात दाखवलेले असते. मालकीची कागदपत्रे, मोजणीचा नकाशा आणि शुल्क यांसह अर्ज महानगरपालिकेकडे जातो. लहान शहरांत नगरपरिषदेकडे, गावठाणात ग्रामपंचायतीकडे चौकशी करायची. छावणी परिषदेच्या हद्दीत कायदा निराळा असतो.

मंजुरीनंतर मिळतो तो प्रारंभ दाखला. तो हाती आल्यावरच कुदळ मारायची. त्याला मुदत असते, हेही विसरू नये. जोत्यापर्यंत काम आले, की जोते तपासून घ्यायचे, कारण चुकलेली भिंत जोत्यावर सुधारणे सोपे, गच्चीवर नाही. घर पुरे झाल्यावर भोगवटा दाखला घेऊन मगच राहायला जायचे.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिने लहान घरांची वाट सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी ठरलेली कागदपत्रे व शुल्क दिल्याची पोच हीच परवानगी मानली जाते, तर १५० ते ३०० पर्यंत १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. आपल्या कुटुंबाची जागा १५२ भरली, म्हणजे ते दुसऱ्या गटात गेले. पाहिलेत, दोन चौरस मीटरचा फरकही मोजणीनेच कळतो!

पण सोय वाढली, की जबाबदारीही वाढते. पावती मिळाली म्हणजे माती तपासली गेली, असे नव्हे. शिक्का कागदावर उमटतो, जमिनीवर नाही. काळ्या मातीला नियमावली वाचता येत नाही आणि पुराला मुदतवाढ मागता येत नाही. कागदावरचा प्रत्येक रकाना हा कोणाच्या तरी फाटलेल्या भिंतीतून, वाहून गेलेल्या संसारातून किंवा कोसळलेल्या छपरातून शिकलेला धडा आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने, घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड द्यावा, असा कायदा केला होता. आपला मार्ग त्याहून शहाणपणाचा आहे. घर कोसळल्यावर शिक्षा देण्यापेक्षा ते कोसळू नये म्हणून आधी विचारावे.

या सुट्टीत एक काम करा. टेप घेऊन आपल्या घराची मापे घ्या आणि १ मीटरला १ सेंटिमीटर या प्रमाणात त्याचा नकाशा काढा. उत्तर दिशा दाखवा. प्रत्येक खोलीतल्या खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या कितवा भाग आहे, ते काढा. कोरड्या उष्ण हवेत तो निदान दहावा भाग असावा, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. भिंतींवर तडे असतील तर त्यांच्या टोकांशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, आणि मे, ऑगस्ट, डिसेंबर या महिन्यांत पुन्हा पाहा. तडा पावसाळ्यात मिटतो आणि उन्हाळ्यात उघडतो असे आढळले, तर तुमच्या घराखाली काय आहे, ते तुम्ही ओळखालच.